चौथा गडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी आपण गेल्या दोन दिवसांत पुष्कळ ऐकले. पहिला गणेशोत्सव, पहिले नाटक, भाड्याच्या खोलीत सुरू झालेले ग्रंथालय, या साऱ्यांच्या आठवणी अधिकारी व्यक्तींनी सांगितल्या. या शहरात येऊन आम्हाला अद्याप सहाच वर्षे झाली असल्यामुळे त्या इतिहासात भर घालण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. कार्यवाहांनी आम्हास ‘कुटुंब आणि विरंगुळा’ असा विषय दिला आहे. त्याला अनुसरून आम्ही एका खेळाविषयी बोलणार आहोत. खेळ आपला नव्हे, चीनचा आहे. त्याचे नाव माहजाँग. मराठी मंडळाच्या व्यासपीठावर या खेळाचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भाषणाच्या ओघात मिळेल, एवढा धीर आपण धरावा अशी विनंती आहे.

२०१५ साली आमची बदली कोलकात्यास झाली. केंद्र सरकारच्या नोकरीत बिऱ्हाड बांधणे आणि सोडणे अंगवळणी पडते. थोरली कन्या शिलाँगला जन्मली, धाकटे चिरंजीव जबलपूरला. कोलकात्यास गेलो तेव्हा कन्या पंधरा वर्षांची होती आणि चिरंजीव अकरा वर्षांचे. वडील निवर्तल्यापासून मातोश्री आमच्याकडेच असत. त्यांचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. शिक्षण मराठी चौथीपर्यंत, हिंदी कामापुरते, बंगाली अजिबात नाही. शासकीय निवासस्थानाच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचा दिवस देवपूजा, पोथी आणि खिडकी एवढ्यात संपत असे. नातवंडांशी बोलावे, तर त्यांच्या मराठी प्रश्नाला हिंदीत किंवा इंग्रजीत एका शब्दाचे उत्तर येई. मुले उद्धट नव्हती, त्यांच्यापाशी मराठी वाक्यच तयार नसे. आपल्यापैकी ज्यांची मुले महाराष्ट्राबाहेर वाढली, त्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही.

कोलकात्यात चिनी लोकांची जुनी वस्ती आहे, हे आपणांस ठाऊक असेल. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, टाँग अछी नावाच्या गृहस्थाने हुगळीच्या काठी बजबजजवळ जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्याचे चिनी लोक तेथे दर्शनाला जातात. पुढे कँटनकडचे सुतार आले, हाक्का समाजाचे चर्मकार आणि पादत्राणांचे व्यापारी आले, हूबे प्रांतातले दंतवैद्य आले. तिरेटा बाजार आणि टांगरा या दोन ठिकाणी त्यांच्या वस्त्या झाल्या. १९६२ च्या युद्धानंतर भारतातील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत वृद्ध होते, मुले होती. त्यानंतर ही वस्ती ओसरू लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर टांगऱ्याचे कातडी कमावण्याचे कारखाने शहराबाहेर बंताल्याकडे न्यावे लागले. तरुण पिढी कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे गेली.

या लोकांनी परमुलखात पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर मंडळे स्थापन केली. ‘सी इप’ हे त्यांतील एका संस्थेचे नाव. त्याचा अर्थ चार तालुके. कँटनजवळच्या ज्या चार तालुक्यांतून हे लोक आले, त्यांची ही संस्था. ‘नाम सून’ हे नाव नान्हाय आणि शुंद या दोन तालुक्यांच्या आद्याक्षरांवरून पडले. म्हणजे आपण सातारकर मंडळ किंवा रत्नागिरी-मालवण मंडळ काढावे, तसेच हे झाले. इंग्रजीत त्यांना ‘चर्च’ म्हणतात, परंतु आत चिनी देवदेवता असतात. काही इमारतींत वरच्या मजल्यावर देवस्थान आहे आणि खाली समाजाची बैठक. त्या बैठकीत मेजे मांडलेली असतात आणि मेजांभोवती चौघे चौघे बसून माहजाँग खेळत असतात.

रविवारी पहाटे तिरेटा बाजारात चिनी न्याहारी मिळते. ती पाहायला म्हणून मुलांसह गेलो असता एका वृद्ध गृहस्थांची ओळख झाली. बेंटिंक स्ट्रीटवर त्यांचे पादत्राणांचे दुकान होते. जन्म कोलकात्याचा, बंगाली अस्खलित, हिंदी आमच्यापेक्षा बरे. चिरंजीवांनी मेजावरच्या सोंगट्यांकडे एकटक पाहिले आणि गृहस्थांनी त्यांना जवळ बसवून घेतले. त्यानंतर ओळीने आठ रविवार आम्ही सहकुटुंब त्यांचे शिष्य झालो. मातोश्री प्रथम यायला तयार नव्हत्या. द्यूताने पांडवांचे काय झाले, हे त्यांनी आम्हाला ऐकवले. पैसे लावायचे नाहीत, एवढ्या अटीवर त्या आल्या.

आता खेळाविषयी थोडे सांगतो. पूर्ण संचात १४४ सोंगट्या असतात. पूर्वी त्या हाडाच्या आणि बांबूच्या करीत, आता बहुधा प्लास्टिकच्या असतात. तीन रंग असतात: वर्तुळे, वेळू आणि अक्षरे. प्रत्येक रंगात एक ते नऊ असे आकडे आणि प्रत्येक सोंगटी चार वेळा, म्हणजे १०८ झाल्या. चार दिशांच्या सोळा आणि ज्यांना पाश्चात्यांनी ‘ड्रॅगन’ हे नाव दिले त्या तांबड्या, हिरव्या व पांढऱ्या सोंगट्या बारा. उरलेल्या आठ फुलांच्या आणि ऋतूंच्या. हे तीन रंग मुळात चिनी पैशाचे आहेत: वर्तुळ म्हणजे तांब्याचे नाणे, वेळू म्हणजे मधल्या भोकातून ओवलेली नाण्यांची माळ आणि अक्षरांच्या सोंगटीवर असते ते ‘वान’, म्हणजे दहा हजार. आपल्याकडे या संख्येला ‘अयुत’ असा संस्कृत शब्द आहे. तो घरात रूढ करावा असा आमचा प्रयत्न होता. मातोश्रींनी ‘दहाहजारी’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच टिकले.

सोंगट्या पालथ्या घालून चौघांनी मिळून घुसळायच्या. त्या आवाजावरून असेल किंवा अन्य कारणाने असेल, पण या खेळाच्या जुन्या चिनी नावाचा अर्थ ‘चिमणी’ असा आहे आणि वेळूच्या एक्क्यावर आजही पक्ष्याचे चित्र असते. मग प्रत्येकाने आपल्यासमोर अठरा जोड्यांची दुमजली भिंत रचायची. चार भिंती मिळून चौसोपी वाडा तयार होतो. फासे टाकून भिंत फोडायची आणि प्रत्येकाने तेरा सोंगट्या घ्यायच्या. आपल्या पाळीला भिंतीतून एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनांचे चार गट आणि एक जोडी जुळली की डाव लागला. ज्यांना रमी येते त्यांना हे चटकन उमगेल. दुसऱ्याने टाकलेली सोंगटी आपल्याला उचलता येते. तीन सारख्या होत असतील तर ‘पंग’ म्हणून कोणाचीही घ्यावी. एका रंगाचे ओळीने तीन आकडे होत असतील, तर फक्त डाव्या हाताच्या गड्याची. त्यामुळे प्रत्येकाला इतर तिघांकडे सतत लक्ष द्यावे लागते. मान खाली घालून हा खेळ खेळताच येत नाही.

या खेळात एक गंमत आहे. पूर्वेच्या गड्याच्या उजव्या हाताला दक्षिणेचा गडी बसतो. चिरंजीवांनी नकाशा पुढे करून हे चूक असल्याचे सिद्ध केले, कारण पूर्वेला बसून मेजाकडे पाहणाऱ्याच्या उजवीकडे उत्तर येते. मातोश्रींनी त्यांना पूर्वेकडे तोंड करून उभे केले आणि उजवा हात धरून सांगितले, ही दक्षिण. संस्कृतात ‘दक्षिण’ या शब्दाचा अर्थच उजवा असा आहे, तो याच कारणाने. चिनी खेळातून आमच्या मुलाला एक संस्कृत शब्द कळला.

खरी गोष्ट पुढेच आहे. चिनी अक्षरे आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. पदवीधर, शाळकरी आणि चौथी शिकलेल्या आजी, असे आम्ही सारे एका दिवशी एका इयत्तेत बसलो. घरात मातोश्री प्रथमच कोणाच्या मागे नव्हत्या. नव्हे, त्या पुढे गेल्या. एक आडवी रेघ म्हणजे एक, दोन रेघा म्हणजे दोन, तीन रेघा म्हणजे तीन, हे सर्वांनाच समजले. पण चाराचे अक्षर म्हणजे पडदे लावलेली खिडकी, हे त्यांनी पाहिले. तांबडी सोंगटी त्यांना डेऱ्यात घातलेल्या रवीसारखी दिसली, म्हणून ती ‘रवी’. हिरवी ती ‘रांगोळी’, पांढरी ती ‘कोरी पाटी’. पूर्वेचे अक्षर ‘कंदील’ झाले, दक्षिणेचे ‘देव्हारा’, पश्चिमेचे ‘तिपाई’. उत्तरेच्या अक्षराला त्यांनी ‘रुसलेल्या जावा’ असे नाव ठेवले. दोन बाया एकमेकींकडे पाठ करून बसल्या आहेत, असे त्या म्हणाल्या. आम्ही हसलो. पुढे चौकशी करता कळले, की ते अक्षर मुळात पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन माणसांच्या चित्रावरूनच झाले आहे.

आजींनी ठेवलेली नावे हीच मेजाची भाषा झाली. ‘जावा टाकल्या’, ‘थांब, कंदील माझा’, ‘मला रवी हवी होती’, अशी चार-चार शब्दांची वाक्ये मुलांच्या तोंडून येऊ लागली. चार शब्दांची वाक्ये हळूहळू दहा शब्दांची झाली, कारण जिंकणाऱ्याला फुशारकी मारायची असते आणि हरणाऱ्याला तक्रार करायची असते. या दोन्ही गोष्टी एका शब्दात भागत नाहीत. गुण मोजायला चिंचोके ठरले. ते मातोश्रींनी गावाहून येणाऱ्यांकडून मागवून घेतले. चिंचोक्यांच्या निमित्ताने गावचे चिंचेचे झाड, झाडाखालचा पार, पारावरचे लोक असे एकेक निघत गेले. मुलांनी आपणहून विचारलेले ते प्रश्न होते. खेळाने मुले मराठी साहित्याची वाचक झाली, असा दावा आम्ही करीत नाही. चिरंजीवांच्या मराठीत आजही ‘ळ’ डळमळतो. परंतु ते आजीशी बोलत आणि आजी त्यांच्याशी बोलत. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की त्या चार वर्षांत मातोश्रींचा आवाज मोठा झाला.

खेळाचा इतिहासही थोडक्यात सांगणे इष्ट आहे, कारण त्याविषयी दंतकथा फार आहेत. कन्फ्यूशियसने हा खेळ शोधला, असे पूर्वी जाहिरातींत छापत. त्याला आधार नाही. मिंग काळातील पत्त्यांच्या खेळांवरून तो घडत आला आणि एकोणिसाव्या शतकात आजच्या रूपाला पोहोचला. निंगबो शहराचे चेन यूमेन यांना त्याचे श्रेय देतात आणि तेथील तिआनयी या जुन्या ग्रंथालयाच्या परिसरात माहजाँगचे संग्रहालयही आहे. १९२० साली जोसेफ बॅबकॉक या अमेरिकन गृहस्थाने सोपे नियम पुस्तकरूपाने छापले आणि अमेरिकेत त्याचे वेड पसरले. ते वेड ओसरल्यावर १९३७ साली न्यू यॉर्कमधील ज्यू स्त्रियांनी आपली राष्ट्रीय संस्था काढून तो जिवंत ठेवला. खुद्द चीनमध्ये तो जुगार म्हणून निषिद्ध ठरला आणि सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत तर संच बाळगणेही धोक्याचे होते. १९९८ साली तेथील क्रीडा विभागानेच स्पर्धेचे अधिकृत नियम प्रसिद्ध केले. आपल्याकडे सैन्यदलाच्या आणि नौदलाच्या वसाहतींत अधिकाऱ्यांच्या पत्नी हा खेळ अनेक वर्षे खेळत आल्या आहेत. या सभागृहातही काही भगिनी आमच्या नियमांत दुरुस्ती सुचवतील, अशी धास्ती आम्हास आहे. जेथे घर वारंवार बदलते किंवा मूळ गाव दूर राहते, अशा लोकांनी हा खेळ जवळ केलेला दिसतो, तो का हे यावरून लक्षात यावे. संच एका पेटीत मावतो आणि मेज कोठेही मांडता येते.

मात्र एक गोष्ट पेटीत मावत नाही. चार माणसे लागतात. तिघांत खेळण्याच्या तडजोडी आहेत, परंतु त्यात एक दिशा रिकामी राहते. आमच्या गुरुजींच्या बैठकीत पूर्वी रविवारी सात-आठ मेजे भरत असत, असे ते सांगत. आम्ही जात होतो तेव्हा दोन भरत, कधी एक. त्यांची दोन्ही मुले टोरोंटोत होती. आम्हा अनोळखी मराठी माणसांना त्यांनी इतक्या आस्थेने का शिकवले, हे आम्हास पुष्कळ उशिरा समजले. त्यांना चौथा गडी हवा होता. २०१९ मध्ये आमची बदली या शहरी झाली, त्या वेळी त्यांनी निरोपादाखल आम्हाला काही दिले नाही. पुढच्या रविवारी कोण येणार, एवढेच विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

येथे आल्यावर आम्ही घरच्या घरी पाच गडी होतो. चौघे खेळत आणि पाचवा चहा करी. २०२१ मध्ये कन्या नोकरीसाठी पुण्यास गेली. मराठी मुलीने मराठी मुलखात जावे आणि तिची आई-आजी इकडे राहावी, हा या नोकरीचा न्याय आहे. पुढच्या वर्षी मातोश्री गेल्या. संच कपाटात गेला. तीन माणसांचे घर होते, संध्याकाळी तिघे तीन ठिकाणी बसू लागले. बोलण्यासारखे काही नव्हते असे नाही, बोलायला बसायचे कारण उरले नव्हते.

आमच्या समोरच्या सदनिकेत त्याच सुमारास एक तरुण मराठी दांपत्य राहावयास आले. मंडळाच्या सर्व कार्यक्रमांची निमंत्रणे त्यांना आम्ही नेमाने देत असू. ते नम्रपणे आभार मानीत आणि येत नसत. आम्हीही मनातल्या मनात नव्या पिढीला नावे ठेवून मोकळे होत असू. एका रविवारी चिरंजीवांनी कोणालाही न विचारता त्यांचे दार वाजवले आणि सांगितले, आम्ही तिघेच आहोत, आम्हाला एक माणूस कमी पडते आहे. बाई आल्या. मागून त्यांचे यजमान आले. त्या दिवसापासून आजतागायत फार थोडे रविवार चुकले असतील. मंडळाचे ते आज आजीव सभासद आहेत आणि परवाच्या भोजनाची व्यवस्था त्यांनीच पाहिली. ‘रुसलेल्या जावा’ हा शब्द त्यांच्या घरातही गेला आहे. ज्यांनी तो ठेवला, त्यांना त्यांनी पाहिलेले नाही.

आम्ही या अनुभवावर पुष्कळ विचार केला आणि मंडळापुढे एक सूचना मांडण्याचे धाडस करीत आहोत. आपले कार्यक्रम उत्तम होतात. परंतु तीनशे माणसांच्या सभागृहात एखादे कुटुंब आले नाही, तर कार्यक्रम थांबत नाही आणि त्यांच्या न येण्याची नोंदही होत नाही. नवीन आलेल्या माणसाला आपण खुर्ची देतो. त्याच्यावाचून आपले अडते आहे, असे त्याला कधी जाणवतच नाही. चौघांच्या मेजावर एक जण आला नाही, तर खेळ सुरूच होत नाही. उरलेले तिघे त्याच्या घरी जाऊन चौकशी करतात. प्रकृती बरी आहे ना, गावाहून काही वार्ता आली का, हे विचारणे आपोआप घडते.

म्हणून आमची सूचना अशी, की सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने ग्रंथालयाच्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चार मेजे मांडावीत. खेळ माहजाँगच असावा, असा आमचा आग्रह नाही. सारीपाट मांडावा, पत्ते मांडावेत. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा कोणाच्या संग्रही असल्यास फारच उत्तम. दहा अवतारांच्या एकशेवीस गोल पानांचा हा आपलाच खेळ आज आपल्या मुलांना चिनी अक्षरांइतकाच अपरिचित आहे आणि त्यामुळे तेथेही आजोबा आणि नातू एका इयत्तेत बसतील. नियम तीनच असावेत. पैसे लावायचे नाहीत. प्रत्येक मेजावर किमान दोन पिढ्या असाव्यात. आणि शहरात नवीन आलेल्या कुटुंबाला निमंत्रणपत्रिका देण्याऐवजी, एक गडी कमी पडतो आहे, असा निरोप द्यावा. तो निरोप खराच असावा, यासाठी एका मेजावर एक जागा मुद्दाम मोकळी ठेवावी.

माहजाँगमध्ये एक दुर्मीळ डाव आहे. इंग्रजीत त्याला ‘तेरा अनाथ’ म्हणतात. प्रत्येक रंगाचा एक्का आणि नव्वा, चारही दिशा आणि तिन्ही ड्रॅगन, अशा ज्यांचा एकमेकींशी गट जमत नाही अशा तेरा सोंगट्या, प्रत्येकीची एकच, आणि त्यांतल्या एखादीची जोडी. एरवी असल्या सोंगट्या सुरुवातीलाच टाकून देतात. पण तेराही जपून ठेवल्या, तर तो सर्वांत मोठ्या डावांपैकी एक गणला जातो. मातोश्रींना हा डाव आयुष्यात एकदाच लागला. त्या दिवशी त्यांनी सर्वांचे चिंचोके परत केले आणि शिरा केला.

आमच्याकडील संच येत्या दुसऱ्या शनिवारी आम्ही ग्रंथालयात घेऊन येत आहोत. संध्याकाळी पाचची वेळ आहे. आम्ही तिघे येऊ. समोरच्या सदनिकेतील दांपत्याने त्या दिवशी दुसरे मेज सांभाळण्याचे मान्य केले आहे, त्यामुळे आमच्या मेजावर उत्तरेची जागा रिकामी आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी अवश्य यावे.